कोणाच्या नावाचं दातवण

अमरावती, खोलापुरी वेशीजवळ
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १७८६

धाकट्या बहिणीले, जमुनेले, मनकर्णेचा दंडवत.

तर आदी कोण आलं असन, सांग बरं? तू म्हणशीन नवरदेव. नाही. म्हणशीन त्याचा काका. तोही नाही. आदी आली ती माणिकबाई, नवरदेवाची, उद्धवरावची मावशी, अन् तीही गोठ्याच्या दारानं! त्यांचा छकडा कापसाच्या गाड्यांमागं वेशीत अडकला होता, तर ही बाई खाली उतरली अन् घर विचारत विचारत थेट माह्या चुलीपाशी. माहे हात पिठात, डोक्यावर पदर नाही, अन् ही उतरंडीतली मडकी मोजून राहिली. म्हणे, "बाई, पाहुण्यांसाठी आवरलेलं घर मले पाहाचं नव्हतं. रोजचं पाहाचं होतं." मले तर बाप्पा हसूच आलं. म्हटलं, ही आपल्याच गोत्रातली दिसते, संशयी!

मंग बाकीचे आले. बैलांच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या. आता ज्याच्या त्याच्या बैलाले चांदी आहे म्हणा, दोन वर्षांपासून कापसानं लोकांले येड लावलं. पण उद्धवरावचे बैल पोसलेले होते, नुसते नटवलेले नाही. तो स्वतः मुकाट्यानं जेवला. पुरणपोळी दुधात बुडवून खाल्ली. माठातलं पाणी देलं तर म्हणे, "कोमट असन तर द्या." हसला तर तोंडावर हात ठेवून हसला. म्हटलं लाजाळू आहे. पहिली बायको जाऊन तीन वर्षं झाली, घरात हसण्याची सवय राहिली नसन. मले आवडला तो, जमुने. लयच आवडला.

रमाले बाहेर बोलावलं. माही नात खाली मान घालून बसली. पाच वर्षांपूर्वी पटकीत नवरा गेला तवापासून ही पोरगी चारचौघांत मान वर करतच नाही. तर माणिकबाईनं काय केलं, त्या कापूसवाल्या साहेबाची टोपी वाऱ्यानं उडून म्हशीच्या शिंगात कशी अडकली ते सांगतलं, अन् रमा खळखळून हसली. म्या पाच वर्षांनी ते हसणं ऐकलं. अन् जमुने, तितक्यात माणिकबाई गप झाली. एकदम. रमाची हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली, सोडली. मंग माणसांच्या बैठकीत गेली, कानात काहीतरी बोलली. सुपारी तशीच ताटात राहिली. कोणी फोडली नाही. "कळवतो," म्हणे, अन् गेले.

काय पाहिलं तिनं? माहा संशय शेजारच्या कौशल्येवर आहे. पाहुणे आले तवा ती विहिरीवर रिकामीच घागर घेऊन उभी होती. तिनंच काही कान भरले असतीन.

तू हा पाटाचा, रमाच्या दुसऱ्या लग्नाचा, संबंध जुळवून आणला, तर आता तूच काढ आतली गोष्ट. महादेवचं तुले ठाऊक आहे. माहा लेक आहे, रमाचा बाप आहे, पण दगड आहे. म्हणते, "माघी पुनवेपर्यंत पाट ठरला तर ठरला, नाही तर रमाले ऋद्धपूरच्या मठात नेऊन संन्यासाची दीक्षा देतो." छकडासुद्धा सांगून ठेवला त्यानं. मठाले मी नावं ठेवत नाही. त्याच मठात तपस्विनीबाईनं आपल्या दोघींचं बोट धुळीत फिरवलं, म्हणून आज मी हे वेडंवाकडं लिहून राहिली अन् तू वाचून राहिली. पण दीक्षा मनातून यावं लागते. रमाच्या मनात अजून झोका आहे. परवाच तिले म्या निंबाच्या फांदीकडं पाहताना पाहिलं.

तुह्या घरच्यांनी, खुशालरावानं, पाठवलेली लिमलेटची, त्या बुडबुड्याच्या लिंबूपाण्याची, आणखी एक पेटी पोचली. एक बाटली रस्त्यात फुटली. बाकीच्या म्या कणगीमागं लपवल्या, कारण महादेवले काचेची बाटली दिसली की तो दारूच म्हणते. मले त्या पाण्यानं नुसती ढेकर येते, पण रमाले गोड लागते. सणावाराच्या गोडाले ती हात लावत नाही, बाया पाहतात म्हणून. तर म्हटलं हे कोणी न पाहणारं गोड तरी पिऊ दे लेकराले.

लवकर लिही. मी दाराकडं डोळे लावून आहे.

मनकर्णा

•

अकोला
मार्गशीर्ष वद्य दशमी

मनकर्णाबाईस जमुनेचा दंडवत.

पत्र पोचलं. मी माणिकबाईकडं गेले होते. ती आदी बोलेना. मंग बोलली ते जसंच्या तसं लिहिते, रागावू नको.

म्हणाली, "जमुनाबाई, दात काळे करणारं दातवण बाई कोणाच्या नावानं लावते? नवऱ्याच्या. नवरा गेला की दातवण गेलं, कुंकू गेलं. ही पोरगी पाच वर्षांपासून विधवा. मंग हिचे पुढचे दात हिरडीपाशी काळे कसे? दोन दातांवर तर चांगली रेघ आहे. कोणाच्या नावाचं दातवण आहे ते?"

मी म्हटलं, तसं काही नसन. तर म्हणाली, "एक तर हिनं लपूनछपून कोणाचा हात धरला, नाही तर घरच्यांनी हिचा आदीच एका ठिकाणी पाट लावला अन् तो मोडला. दुसऱ्याची बायको आमच्या घरात आणली तर उद्या तो माणूस काठी घेऊन दारात उभा राहीन. उद्धवनं एक बाईल मातीत देली. आता त्याच्या नशिबात भांडण नको."

बाई, मले खरं सांग. रमाच्या मनात कोणी आहे का? तू आजी आहेस, तू पाठीशी घालशीन, म्हणून विचारते.

मी बरी आहे. परवा ओसरीच्या पायरीवर पडले, ओठाले लागलं, म्हणून भाकर दुधात कुस्करून खाते. काळजीचं नाही.

आमच्या घरच्यांची कापसाची अडत जोरात आहे. साहेबाच्या गोदामातून लिमलेटच्या आणखी पेट्या आल्या. पाठवते.

जमुना

•

अमरावती
पौष शुद्ध प्रतिपदा

जमुने,

तुहं पत्र वाचलं अन् म्या ते पीठ चाळता चाळता चाळणीतच टाकलं. दातवण! माह्या रमाले! ज्या दिवशी तुहे भाटवे, माहे मालक, गेले त्या दिवशी म्या माही दातवणाची डबी स्वतःच्या हातानं विहिरीत फेकली. त्या घरच्या पोरीवर हा आळ?

पण तुले खोटं कशाले सांगू, संशय लय वाईट. तो आला की उठवता येत नाही. तू विचारलं, "मनात कोणी आहे का?" अन् मी दिवसभर रमाकडं चोरासारखी पाहत राहिली. ती पाण्याले गेली की मोजून राहिली, किती वेळ लागला. रांजणापाशी ती घडी घडी जाते हे माह्या ध्यानात आलं. काहून जाते? रांजणाच्या मागं भिंत, भिंतीच्या मागं गल्ली. गल्लीत कोण आहे?

तिसऱ्या दिवशी ती शेणी थापाले गेली तवा म्या तिचं गाठोडं उघडलं. पाप केलं. दोन लुगडी, आईची फणी, अन् तळाशी एक डबी. डबीत काळी पूड! दारातच बसली मी.

रमा आली. म्या डबी पुढं केली.

"हे काय आहे व?"

"दाताचं औषध."

"कोणी देलं?"

"कौशल्याकाकूनं. कोळसा, मीठ अन् लवंग."

म्या बोटावर घेऊन हुंगलं. खरंच लवंग होती. दातवणाले हिराकसाचा वास येते, तो नव्हता. मंग तिले अंगणात उन्हात बसवलं अन् "आ कर" म्हटलं. जमुने, काय सांगू. पुढच्या दातांच्या मुळाशी तपकिरी-काळी रेघ, अन् ती रेघ वरून लावलेली नाही, आत गेलेली आहे. निंबाची काडी फिरवली, राख घासली, जात नाही. नख लावलं तर अडकते. दातांच्या कडा पातळ, काचेवानी, पलीकडचं दिसन अशा.

"कधीपासून दुखते?"

"पोळ्यापासून. गार पाणी लागलं की डोक्यात कळ जाते."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

तर खाली मान घालून म्हणते कशी, "सांगतलं असतं तर तू बाटली बंद केली असती, आजी. दुखऱ्या दाताले गोड नको म्हणून."

अन् रांजणापाशी कोण होतं, तर बाटली! त्या मेल्या बाटलीचं बूड अंड्यावानी, उभी ठेवली की लोळते. म्हणून रमा ती रांजणाखालच्या ओल्या रेतीत खुपसून ठेवते. एक बाटली दिवसभर पुरवते. जाता येता एक घोट. तो घोट गिळतही नाही लवकर, तोंडात धरून ठेवते, चुरचुर थांबेपर्यंत. मले हसू आलं अन् रडूही आलं. गल्लीत माणूस शोधून राहिली होती मी, अन् निघाली रेतीत पुरलेली बाटली.

तर आता उघड आहे. कौशल्येच्या त्या कोळशानंच दात काळे केले. मी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. विहिरीवर तिनं विचारलं, "मनकर्णाबाई, रागावल्या का?" म्या घागर उचलली अन् आली. तू माणिकबाईले सांग, दातवण नाही, औषध आहे, तेही शेजारणीचं. अन् तुह्या ओठाचं काय झालं ते नीट लिही.

मनकर्णा

•

अकोला
पौष शुद्ध सप्तमी

बाईस दंडवत.

माणिकबाईले सांगितलं. ती म्हणाली, "कोळसा चूळ भरली की जाते. मले कोळसा शिकवू नका." अन् हेही म्हणाली, की आजीनं औषध म्हटलं म्हणजे आजीलेही ठाऊक आहे, दोघी मिळून लपवतात. आता तिचा संशय तुझ्यावरही आहे.

एक सांगते. बाटलीचं नाव तिच्यापुढं काढू नको. मीही काढलं नाही. लिमलेटमध्ये वाईट काही नाही, साहेब रोज पितो, पोटाले चांगलं म्हणतो. आमच्या घरच्यांनी आता शेगावच्या बाजारापर्यंत ते विकायचं ठरवलं आहे. अडतीवर जो शेतकरी कापूस घेऊन येतो त्याले मापाआदी एक बाटली हातात देतात. लोक तासन्‌तास बसून राहतात, घोट घोट पितात, खुश असतात. उद्धवरावही येतो. उगाच बोभाटा नको.

उद्धवरावच्या शेतात हुरडा झाला. सगळ्या बाया गेल्या होत्या. मीही गेले. मी काही खाल्लं नाही, लिमलेट पिऊन बसले. माणिकबाई तिथंही माझ्याकडं पाहत होती. मी पदर तोंडावर धरून होते, धूर होता म्हणून.

ओठ बरा आहे.

जमुना

•

अमरावती
संक्रांत, पौष

जमुने,

तीळगूळ घे अन् खरं बोल!

तुहं पत्र मी चार वेळ वाचलं. पहिल्यांदा माणिकबाईचा राग आला. दुसऱ्यांदा हुरड्यापाशी अडकली. तू हुरडा खाल्ला नाही? तू? लहानपणी माह्या हातातलं कणीस ओढताना माह्या बोटाले चावलेली तू, ती हुरड्याच्या आगटीपाशी लिमलेट पिऊन बसली? तिसऱ्यांदा तो पदर अन् धूर. अन् चौथ्यांदा जुनं पत्र काढलं, त्यातली पायरी वाचली. जमुने, तुह्या सुनेच्या बाळंतपणाले मी चार महिने तुह्या घरी राहिली. तुह्या ओसरीले पायरीच नाही! ओसरी अंगणाच्या बरोबरीनं आहे, पावसाचं पाणी आत येते म्हणून तूच रडत होती. मंग पडली कशावरून?

थांब, आदी इथलं ऐक.

पाच-सहा दिवस झाले, राजा बैलाची पोळ्याची कवड्यांची माळ ओवाले घेतली होती, दोरा सडला म्हणून. रमाच्या बाटलीतलं उरलेलं लिमलेट वाटीत होतं, त्यात एक कवडी पडली. म्या पाहिलं नाही. दोन दिवसांनी वाटी घासाले घेतली तर कवडी निघाली. पण कशी? पाठीवरची ती चकाकी, जशी तेल लावल्यावानी असते, ती सगळी गेलेली. पांढरी फट्ट, चुन्यासारखी. नख ओढलं तर भुकटी नखात आली.

मी तिथंच बसली. मंग उठली अन् तीन वाट्या मांडल्या. एकीत पाणी, एकीत गूळपाणी, एकीत लिमलेट. तिन्हीत एक एक कवडी. दोन दिवस कोणाले हात लावू देला नाही. पाण्यातली जशीच्या तशी. गूळपाण्यातली चिकट झाली, पण पुसली की चमकली. लिमलेटमधली मेली.

आता सांग, चिंचा खाल्ल्या की दात आंबतात का नाही? आंबतात. म्हणून आपून दोन बोटुकं खातो अन् थांबतो. इथं लिंबाचा आंबट आहे, वरून साखर इतकी की जिभेले आंबट समजतच नाही. जीभ फसते, म्हणून थांबत नाही. अन् माही रमा तो घोट तोंडात धरून बसते, दिवसातून तीस वेळ, गेल्या चैतापासून! तिचे दात नऊ महिने त्या वाटीतच पडून आहेत असं समज. वरची चकाकी गेली, मंग साखरेनं आतून किडले. कौशल्येच्या कोळशानं काहीच केलं नाही. तिच्या लवंगेनं उलट पोरीले थोडी झोप लागली. मी आज तीळगूळ घेऊन तिच्या दारी गेली. ती म्हणे, "आता बोलली का? म्या म्हटलं घागरीत पाणी जास्त झालं असन, म्हणून मान वळत नाही." म्या तिचे पाय धरले, मोठी असून.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट ही की पाजलं कोणी? म्याच. माणिकबाईनं दातवणाचा आळ घेतला, पण पोरीचे दात तर माह्या लाडानं खाल्ले.

म्हणून महादेवले सगळं सांगतलं. कणगीमागून बाटली काढली तर त्याचे डोळे लाल. "माय, तू दारू लपवते?" म्हटलं, "उघड, अन् हुंग." त्यानं तार सोडली, बूच उडून आढ्याले लागलं, म्हैस हंबरली. हुंगलं. चाखलं. म्हणे, "गोड आहे." म्या मेलेली कवडी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं नखानं खरवडली, एकदा, दोनदा. रमाले हाक मारली, तिच्या तोंडात पाहिलं. मंग म्हणे, "मले पटलं. पण मले पटून काय होते? त्या बाईले पटाले पाहिजे. पुनवेपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही. लोक उद्या दातवण म्हणतीन, परवा आणखी काही म्हणतीन. मठात तरी कोणी तिचं तोंड उघडून पाहणार नाही." अन् छकडा तसाच ठेवला. रमा उंबऱ्यात उभी राहून ऐकून राहिली होती. आत जाऊन उरलेल्या बाटल्या उकिरड्यात ओतून आली, एकामागं एक.

या पत्रासोबत फडक्यात दोन कवड्या आहेत. चमकती पाण्यातली, मेलेली लिमलेटातली. त्या घेऊन माणिकबाईकडं जा. अन् जमुने, नुसत्या कवड्यांनी तिचा विश्वास बसणार नाही, मी तिले एकदाच पाहिलं पण ओळखलं. तिले माणसाचं तोंड दाखवावं लागन. मोठ्या बहिणीले खरं सांग. तुह्या तोंडात पुढचे दात किती राहिले?

तुह्या नवऱ्याचा धंदा आहे, मले समजते. पण माही एक नात आहे.

मनकर्णा

•

अकोला
पौष वद्य षष्ठी

बाई,

पुढचे तीन गेले. दोन वरचे, एक खालचा. पायरी नव्हती. हरभऱ्याचा फुटाणा चावला अन् दात तुटून हातात आला, रक्तसुद्धा नाही. बाकीचे मंग हलून हलून गेले. अडतीवरून पेट्या घरातच यायच्या, मी माठातलं पाणी पिणंच सोडलं होतं. दोन महिने झाले, मी कोणापुढं हसले नाही. यांनी सांगितलं होतं, "दुकानदाराच्या बायकोनं तोंड दाखवलं तर माल कोण घेईन?" म्हणून पडले असं सांगायचं. तुलेही तेच लिहिलं. तू पायरी शोधशीन हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पण रमानं बाटल्या ओतल्या हे वाचलं अन् मले लाज वाटली. मी कवड्या घेऊन गेले.

माणिकबाई सुपात तूर पाखडत होती. मी दोन्ही कवड्या सुपात टाकल्या. ती म्हणाली, "हे काय? सारीपाट खेळाले आल्या का?" मी सगळं सांगितलं. तिनं कवड्या फिरवून पाहिल्या अन् म्हणाली, "जुनी कवडी अशीच होते. तुमच्या बहिणीनं उकिरड्यातून उचलली असन."

मग मी पदर सोडला अन् तोंड उघडलं.

ती सूप ठेवून उठली. म्हणाली, "अगाई! खिडकी कधी पाडली व?" मी म्हटलं, "लिमलेटनं पाडली. अन् पडायच्या आदी रमासारखीच काळी रेघ होती. माझा नवरा जिता आहे, पण मी दातवण वर्षापूर्वीच सोडलं, हिरड्यांले झोंबायचं म्हणून. मंग माझी ती रेघ कोणाच्या नावाची होती?"

तिनं मेलेली कवडी पुन्हा उचलली अन् नखानं खरवडली. तुले आठवते, तू लिहिलं होतं, उद्धवराव तोंडावर हात ठेवून हसला, कोमट पाणी मागितलं. ते मी तिले म्हटलं नाही. तिचं तिलेच आठवलं असन. एकदम ओरडली, "उद्धव! इकडं ये!"

तो गोठ्यातून आला, हातात कडबा.

"आ कर."

"काहून मावशी?"

"आ कर म्हटलं नं!"

त्यानं तोंड उघडलं. बाई, तीच रेघ. पुढच्या चारही दातांले, हिरडीपाशी. रमाहून जास्त. कापसाच्या मोसमात तो पोरगा रोज आमच्या अडतीवर बसतो अन् आम्हीच पाजतो.

माणिकबाईनं कपाळाले हात लावला. "बाप्पा! यानं कोणाच्या नावाचं दातवण लावलं मंग? याचा पाट कोणासोबत लागला?" अन् ती हसाले लागली, इतकी की तुरीवर बसली. उद्धवरावले काही समजेना. मी सांगितलं, अमरावतीच्या पोरीवर तुमच्यासारख्याच दातांचा आळ आहे. तो लाल झाला. मंग हळूच म्हणाला, "तिचे रात्री दुखतात का?" मी म्हटलं, दुखतात. तर म्हणे, "उजव्या कुशीवर झोपावं. मग कमी होते." मावशीनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

घरी आले तर यांना कळलं होतं. दोन दिवस अडतीवरच जेवले. तिसऱ्या दिवशी पेट्या घरातून उचलून गोदामात नेल्या. म्हणाले, "माल आला आहे तो विकीन. पण घरात ठेवणार नाही." मी म्हटलं, जे घरात नको ते दुसऱ्याच्या घरात कसं? काल अडतीवर गेले तर शेतकऱ्यांसाठी ताकाचा रांजण दिसला. बाटल्याही होत्या, मागच्या बाजूले, पोत्याखाली. म्हणजे अजून विकतात. मी लक्ष ठेवून आहे.

माणिकबाईचा निरोप वेगळ्या गाडीनं येईन. तिनं मले काही सांगितलं नाही. म्हणाली, "जे बोलायचं ते पोरीच्या आजीशी बोलीन."

बाई, काल मी हसले. नातवाले खिडकी दाखवली. तो बोट घालून पाहत होता.

जमुना

•

अमरावती
पौष वद्य द्वादशी

जमुने, माय माही,

फुटाणा तुटला नाही अन् दात तुटला, अन् दोन महिने तू एकटीच ते तोंडात घेऊन बसली! मले लिहिलं असतं तर मी पायीच निघाली असती. आता ऐक. मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भर, लवंग ठेव, अन् माणसांपुढं हस. खिडकी असली तर असू दे. तुह्या खिडकीतूनच माह्या नातीच्या घरात उजेड आला.

माणिकबाईचा माणूस काल आला. अन् पाहा तिचं, तोही गोठ्याच्या दारानं! मले वाटलं तिनं शिकवूनच पाठवला. निरोप असा, की मनकर्णाबाईले सांगा, आमचं चुकलं. पण मी एकदा पाहिल्याशिवाय मानत नाही, म्हणून पुन्हा येते. पोरीचा एकही दात माह्याच्यानं पुन्हा उगवणार नाही, अन् माह्या उद्धवचाही नाही, तर दोघं मिळून मऊ भाकर खातीन. पौषात बोलणं नको, माघात येतो. अन् शेवटी त्या माणसानं डोकं खाजवलं अन् म्हणे, "बाईनं विचारलं, पाहुण्यांसाठी लिमलेटची पेटी आणू का?"

मी त्या माणसाकडं पाहतच राहिली. थट्टा आहे का परीक्षा, हे मले अजून समजून नाही राहिलं. म्हटलं सांगा, पेटी आणली तर वेशीतूनच परत जाईन, पेटीही अन् पाहुणेही. तो हसला. त्याचे दात चांगले आहेत. म्या पाहिले. आता मी सगळ्यांचे पाहते.

महादेवनं निरोप ऐकला. संध्याकाळी छकडेवाला दारात आला तर त्याले म्हणे, "ऋद्धपूरचं राहू दे. पुनवेले दुसरी सवारी घे." मग ती मेलेली कवडी त्याच्या पागोट्यातून निघाली, जमुने. बारा दिवस तिथंच होती. रमाच्या हातात देली अन् वावरात गेला.

रमाले म्या उद्धवरावनं सांगतलेलं सांगतलं, उजव्या कुशीचं. ती म्हणे, "मी डाव्या कुशीवर झोपते, मले तशानं बरं वाटते." अन् थोड्या वेळानं, भाकर थापता थापता, "आजी, त्याले विचार, डाव्या कुशीवर झोपून पाहिलं का?" म्या म्हटलं, तूच विचार. तर तिनं तोंडावर हात ठेवला अन् हसली. मंग काय वाटलं कोण जाणे, हात काढला अन् तशीच हसत राहिली. काळी रेघ, पातळ कडा, सगळं उन्हात दिसत होतं. म्या पाहिलं अन् डोळे पुसले. कांदा नव्हता चुलीपाशी, खोटं सांगत नाही.

कौशल्येनं दही लावाले घेतलं आहे, ताकाची जबाबदारी तिची. पाणी कोमटच ठेवीन, दोन गडवे, एक त्याले, एक हिले. पोळी दुधात बुडवावं लागू नये म्हणून खीर करीन, पातळ. अन् चूल पहाटेच पेटवून, पदर डोक्यावर घेऊन, गोठ्याच्या दारातच बसून राहीन, कारण ती बाई पुढच्या दारानं येईन यावर माहा काडीचा विश्वास नाही. तूही ये. तोंड उघडं ठेवून ये.

येतीन म्हणतात माघ शुद्ध पंचमीले, बुधवारी.

मनकर्णा